टोकियोत कुणाशी भांडावं?

आमच्या संसारात भांडणांची वाटणी फार पूर्वीच झालेली आहे. रिक्षावाले, पार्किंगवाले, बँक, विजेचं बिल आणि सोसायटीचा सेक्रेटरी आमच्या ह्यांच्याकडे. भाजीवाली, गॅसवाला, शिंपी, इस्त्रीवाला आणि न कळवता टपकणारे पाहुणे माझ्याकडे. "मॅडम, लोन हवंय का?" हे फोन सामाईक, ज्याच्या हाताला फोन लागेल त्यानं घ्यायचा. या व्यवस्थेमुळे घरातल्या घरात वाजण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. संध्याकाळी ह्यांनी चपला काढता काढता "आज त्या रिक्षावाल्याला चांगला सरळ केला" म्हणायचं, मी "बरं केलंत" म्हणून चहाचं आधण ठेवायचं, आणि चहा उकळेपर्यंत भाजीवालीनं किलोमागे किती मारलं ते सांगायचं. नातेवाइकांत आमचं जोडपं आदर्श म्हणून गणलं जातं.

असं सगळं सुरळीत चालू असताना लेकीनं लग्नाच्या वाढदिवसाला टोकियोची तिकिटं हातात ठेवली. "आई, तिथे सगळं वेळेवर असतं. कुणी फसवत नाही, कुणी आवाज चढवत नाही, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही."

"मग आम्ही तिथे करायचं काय?" ह्यांनी विचारलं.

तिला तो विनोद वाटला.

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, पेटी शिकतात. हे एक्सेल शिकले. त्यामुळे जाण्याआधी सहलीचा तक्ता तयार झाला. वेळ, ठिकाण, अंतर, खर्च येनमध्ये, खर्च रुपयांत आणि शेरा. "०८.१० खोलीबाहेर. ०८.१२ लिफ्ट." माझ्या साडीच्या निऱ्यांना त्यात जागा नव्हती. मी तिकडे पंजाबी ड्रेसच घालणार आहे म्हटल्यावर ह्यांनी वाचलेली चार मिनिटं उचलून 'फुजी दर्शन' या ओळीत टाकली. शिवाय टॅक्सीवाल्यांसाठी "हे जास्त आहे", "मीटरनं चला" आणि "पोलिसांना बोलावू का?" ही तीन वाक्यं त्यांनी जपानीत घोकून ठेवली. मी एकटं "आरिगातो" पाठ केलं.

नारिता विमानतळावरून शहरात जायला आम्ही बस घेतली, म्हणजे टॅक्सीवाला तिथेच हुकला. सामान चढवणाऱ्या माणसानं प्रत्येक बॅगेला बिल्ला अडकवला, त्याच्या जोडीचा बिल्ला आमच्या हातात दिला, आणि बस हलली तसे तो आणि त्याचा सोबती रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे राहून कमरेतून वाकले. परतफेड म्हणून हेही सीटवरून वाकले आणि कपाळ खाडकन काचेवर आपटलं. सवयीनं त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दोष द्यावा असं कुणीच नव्हतं. ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालून सावकाश गाडी चालवत होता, काच इतकी लख्ख पुसलेली होती की तीच काय ती तक्रार. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"तू खिडकीची जागा मला का दिलीस?"

इथून सुरुवात झाली.

हॉटेलची खोली बारा चौरस मीटर हे तक्त्यात होतं, पण त्याचे चौरस फूट कुणी केले नव्हते. ते १३०च्या आत भरतात. खोलीत एका वेळी एकच बॅग उघडायची. दुसरी उघडायची असली तर एकानं पलंगावर उभं राहायचं. ह्यांचे डोळे चमकले. "थांब, मॅनेजरला बघतो," म्हणत ते बाह्या सरसावून खाली गेले. हा त्यांचा हातखंडा प्रयोग. याच्या जोरावर आम्ही महाबळेश्वरला आणि गणपतीपुळ्याला चांगल्या खोल्या बदलून घेतल्या आहेत. वीस मिनिटांनी परत आले ते पडेल चेहऱ्यानं.

"काय झालं?"

"ती पोरगी माफीच मागत राहिली गं. आधी उभी राहून मागितली, मग वाकून मागितली, मग काउंटरच्या बाहेर येऊन मागितली. सगळ्या मजल्यांचा नकाशा काढून दाखवला. सगळ्याच खोल्या एवढ्या. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं वाटायला लागलं. शेवटी मीच म्हणालो, खोली छान आहे, आमच्या बॅगाच मोठ्या आहेत."

मग माझ्याकडे पाहून: "एवढ्या मोठ्या बॅगा आणायला सांगितलं होतं कुणी?"

तिथल्या संडासाबद्दल आजवर सगळ्यांनीच लिहिलंय, मी भर घालत नाही. एवढंच सांगते की आसन गरम असल्यामुळे हे आत जास्त रमू लागले, ०८.१० चे ०८.२५ होऊ लागले आणि तक्त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात उशिराचं कारण म्हणून 'सौ.' असं पडू लागलं.

गाड्यांत तर तोंड उघडायचीच सोय नाही. यामानोते नावाची लोकल शहराच्या पोटातून गोल फिरते, तीस स्टेशनं, तासाभरात एक फेरा पूर्ण. पण त्या गच्च भरलेल्या डब्यात कुणी फोनवर बोलत नाही, कुणी "जरा सरकून घ्या" म्हणत नाही, कुणी कुणाच्या पायावर पाय दिला तर दोघंही माफी मागतात. आमची कुजबुज पुणेरी मापाची. पहिल्याच दिवशी मी हलक्या आवाजात "पासपोर्ट कुणाकडे?" विचारलं तर डब्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या म्हाताऱ्या आजींनी डोळे उघडले. तेव्हापासून आम्ही शेजारी शेजारी बसून व्हॉट्सॲपवर भांडू लागलो. इंटरनेटचं ते खिशातलं यंत्र ह्यांच्याकडे. त्यामुळे शेवटचा शब्द कायम ह्यांचा. मी उत्तर टाइप करायला लागले की हे यंत्र बंद करत.

"यांची गंमत ऐक," एकदा मेसेज आला. २०१७ च्या नोव्हेंबरात त्सुकुबा एक्सप्रेस नावाची गाडी एका स्टेशनातून वीस सेकंद आधी सुटली. ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांनी सुटायची ती ९.४४.२० ला हलली. एकाही प्रवाशानं तक्रार केली नव्हती, तरी कंपनीनं आपण होऊन जाहीर माफी मागितली. ह्यांनी पुढे लिहिलं होतं, "वीस सेकंद! आपणहून! मग भांडणाऱ्यानं जायचं कुठे?" डेक्कन क्वीननं वर्षानुवर्षं मुंबई केलेला माणूस तो. त्यांच्या मेसेजमधली व्यथा मला खरी वाटली.

या सगळ्याचा कळस शिंजुकू स्टेशनात झाला. शिंजुकू हे जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन. रोज ३५ लाखांच्या आसपास माणसं तिथून जातात-येतात आणि बाहेर पडायला दोनशेहून जास्त वाटा आहेत. तक्त्यात लिहिलं होतं, "शिंजुकू. बाहेर पडणे. ३ मिनिटे."

मी एका दुकानाच्या काचेशी थांबले. आत एक मुलगी मिठाईचा खोका कागदात गुंडाळत होती. कागद तिरका ठेवून तिनं खोका तीनदा कलता केला, प्रत्येक कोपऱ्यात नखानं घडी दाबली, आणि चिकटपट्टीचा एकच तुकडा लावून काम संपवलं. आपल्याकडे लग्नाच्या आहेराला एक अख्खं बंडल लागतं. हे ह्यांना दाखवावं म्हणून वळले तर हे नाहीत. तक्ता त्यांच्याकडे. इंटरनेटचं यंत्र त्यांच्याकडे. "रोमिंग कशाला, दोघं बरोबरच असणार" हा निर्णयही त्यांचाच. आणि समोर बाण: पश्चिम, दक्षिण, नवी दक्षिण, आग्नेय, मध्य-पूर्व. वास्तुशास्त्राची ओळख असूनही उपयोग झाला नाही.

हे "पश्चिम" म्हणाल्याचं मला स्पष्ट आठवत होतं. पश्चिमेला जाऊन मी उभी राहिले. माझ्यासमोरून निम्मं पुणे जाईल एवढी माणसं गेली, पण त्यांत तपकिरी स्वेटर नव्हता. शेवटी गेटवरच्या कर्मचाऱ्याला गाठलं.

"हसबंड. लॉस्ट."

त्यानं वही उघडली. हरवलेल्या वस्तूंची असावी. "कलर?"

"ब्राऊन. मंकी कॅप." मंकी कॅप मी हातांनी करून दाखवली. त्यानं वहीत चित्र काढून माझ्यासमोर धरलं. चित्र हुबेहूब होतं. मला एकदम भरून आलं आणि मी मराठीत सुरू झाले, की हे असंच करतात, लक्ष्मी रोडलाही असेच पुढे निघून जातात, मागे वळून म्हणून बघत नाहीत. त्याला त्यातलं अक्षरही कळलं नसणार. पण माझं बोलून संपल्यावर तो टोपी काढून खोल वाकला आणि म्हणाला, "सुमिमासेन." एवढ्या वर्षांच्या संसारात जे ह्यांना एकदाही जमलं नाही, ते त्या परक्या माणसानं ह्यांच्या वतीनं उभ्या उभ्या करून टाकलं.

मग तो मला घेऊन निघाला. जिने, भुयारं, पुन्हा जिने. दक्षिणेच्या गेटवर हे दुसऱ्या एका कर्मचाऱ्याच्या शेजारी उभे होते आणि त्याला हातवारे करून काहीतरी सांगत होते. हातवाऱ्यांत मी दुकानासमोर थांबते तशी एक बाई होती. दोघं कर्मचारी एकमेकांना वाकले. मग ते आम्हां दोघांना वाकले. आम्ही त्यांना वाकलो. आणि एकदा वाकण्याची लय लागल्यावर थांबायचं कुठे हे न कळून आम्ही नवरा-बायकोही एकमेकांना वाकलो. बोहल्यावरसुद्धा हे झालं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही पश्चिम म्हणालात."

"मी दक्षिण म्हणालो."

पुण्यात अशा वेळी निदान रिक्षावाला मध्ये पडतो. "अहो काका, जाऊ द्या ना, ताईंचं बरोबर आहे," म्हणतो. मग आम्ही दोघं मिळून त्याच्यावर घसरतो आणि घरी येईपर्यंत आमचं गूळपीठ जमलेलं असतं. टोकियोतली टॅक्सी आली. तिचं दार आपोआप उघडलं आणि आपोआप लागलं. दार आपटायचीसुद्धा सोय ठेवलेली नाही.

खाण्याचे हाल वेगळेच. एरवी आम्ही मासे-मटण खाणारे, पण महिना मार्गशीर्षाचा. मी गुरुवार धरलेले, आणि गुरुवार नसला तरी महिनाभर सामिष नको असं माझं म्हणणं. ह्यांचं म्हणणं, देव समुद्र ओलांडून बघत नाही. एका छोट्या हॉटेलात मी नीट विचारून घेतलं, "नो फिश? नो मीट?" त्यानं हसून मान हलवली आणि तव्यावरून कोबीचं जाडजूड धिरडं आणून ठेवलं. त्यावर लाकडाच्या भुशासारखं काहीतरी पसरलं होतं आणि ते हलत होतं. गार हवेच्या खोलीत, वाऱ्याची झुळूक नसताना, ताटात काहीतरी हात हलवून आपल्याला बोलावतंय हा अनुभव मी कुणाला सांगू? ते वाळवलेल्या माशाचे पापुद्रे निघाले. धिरड्याच्या वाफेनं हलतात. तिकडे या माशाचं पाणी आमटीत असतं, नूडल्सच्या सारात असतं, कधी कधी भाजीतही असतं, आणि ते कुणी माशात धरत नाही. हे धिरड्याची माझी अर्धी बाजू संपवत म्हणाले, "वाया घालवणं हा अन्नाचा अपमान."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शिंजुकूच्या नाकामुराया नावाच्या दुकानात नेलं. याला देशभक्तीची बाजू होती. व्हाइसरॉय हार्डिंजवरच्या बॉम्बफेकीनंतर इंग्रज मागे लागलेले रासबिहारी बोस १९१५ साली जपानला निसटले. पुढे याच नाकामुरायाच्या मालकांनी त्यांना आपल्याकडे लपवलं. १९१८ साली त्यांच्या मुलीशी, तोशिकोशी, बोसांचं लग्न झालं, आणि १९२७ साली त्यांनी सासरच्या या दुकानात अस्सल हिंदुस्थानी रस्सा सुरू केला. तो आजही मिळतो. कोंबडीचा.

"मार्गशीर्ष आहे," मी म्हटलं.

"त्या माणसानं देशासाठी घरदार सोडलं," हे गंभीरपणे म्हणाले, "आणि आपण एक वाटी रस्सा नाही म्हणायचा?" डोळे मिटून त्यांनी दोन वेळा वाढून घेतलं. मी कोरा भात आणि लोणचं खाऊन स्वातंत्र्यलढ्याला पाठिंबा दिला.

मला तारलं ते चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांतल्या भाताच्या त्रिकोणांनी. समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदात गुंडाळलेला भात, आत खारवलेल्या आंबट आलुबुखाराचा गोळा. वरच्या प्लॅस्टिकवर १, २, ३ असे आकडे. एकवर चिमटीत पट्टी धरून खाली ओढायची, मग दोनचा कोपरा, मग तीनचा. त्या क्रमानं गेलं तर शेवाळ कुरकुरीत राहून भातावर अलगद बसतं. हे तिसऱ्या आकड्यापासून सुरुवात करत. भात एका हातात, शेवाळ दुसऱ्या हातात, आलुबुखार स्वेटरवर. मग मी बॅगेतलं मेतकूट काढून त्या भातावर घालून द्यायची, आणि पाच मिनिटं आमच्यात शांतता नांदायची.

कागद टाकायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर ठिकठिकाणच्या कचरापेट्या उचलल्या गेल्या. लोक आपला कचरा घरी घेऊन जातात. आमच्यापुरतं घर म्हणजे माझी पर्स.

देवाधर्माचीही आमच्या संसाराला साथ नव्हती. इनोकाशिरा नावाच्या बागेत तळं आहे, तळ्यात पायांनी चालवायच्या हंसाच्या होड्या आहेत. ह्यांचे गुडघे आणि माझे गुडघे मिळून आम्ही त्या हंसाला मधोमध नेला आणि तिथे गोल गोल फिरत राहिलो, कारण हे जोरात पेडल मारत होते आणि मी नव्हते. उतरल्यावर ह्यांनी फोनवर वाचलं: तळ्याकाठी बेंझाइतेनचं देऊळ आहे, आणि जोडप्यानं इथे होडीत बसलं तर देवीला मत्सर वाटतो आणि जोडपं फुटतं, असा समज आहे. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली.

"हे आधी नाही वाचता आलं?"

"तक्त्यात पर्यटनस्थळं आहेत. अफवा नाहीत."

त्या गडबडीत मंकी कॅप बाकावर राहिली. ती चोरीला गेली असणार या आशेनं हे दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन पुन्हा तिथे गेले. पोलीस चौकी कुठे आहे ते पाहून ठेवलेलं, "पोलिसांना बोलावू का?" हे वाक्य ओठांवर तयार. टोपी बाकाशेजारच्या कठड्यावर होती. कुणीतरी तिची घडी घालून, पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती. ह्यांनी ती डोक्यावर चढवली, पण परत येताना एक शब्द बोलले नाहीत.

मग आसाकुसाचं सेन्सोजी देऊळ. तिथे शंभर येन पेटीत टाकायचे, धातूचं नळकांडं हलवायचं, भोकातून काडी बाहेर आली की तिच्यावरचा आकडा पाहून त्या आकड्याचा खण उघडायचा आणि आपलं भविष्य काढायचं. या देवळात वाईट चिठ्ठ्या बऱ्याच निघतात अशी त्याची ख्याती. ह्यांची वाईट निघाली. मागे इंग्रजीत सगळं दिलेलं: इच्छा पुरी होणार नाही, हरवलेली वस्तू सापडणार नाही ("टोपी तर मिळाली!"), प्रवास करू नये, लग्न अनुकूल नाही. घरापासून सहा-सात हजार किलोमीटरवर, बायको शेजारी उभी असताना ही माहिती मिळून उपयोग काय? वाईट चिठ्ठी तिथल्याच तारेला बांधून ठेवायची, म्हणजे नशीब मागे राहतं. ह्यांनी तीन गाठी मारल्या.

तिथून चालत थोड्याच अंतरावर एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन आहे. तिथे काँगितेन नावाचा देव, म्हणजे साक्षात आपले गणपतीबाप्पा. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, पण नवरा-बायकोचा सलोखा आणि धंद्याची बरकत ही दोन खाती त्यांच्याकडे. आणि नैवेद्याला मोदक नाही. मुळा! अखंड, पांढराशुभ्र, हातभर लांब मुळा. देवळाच्या दगडांवर, दरवाज्यांवर एकमेकांत गुंतलेल्या दोन मुळ्यांचं चित्र कोरलेलं. मी पायऱ्यांवर उभी राहून बाप्पाची मनातल्या मनात क्षमा मागितली. घरी एकवीस तळणीचे, एकवीस उकडीचे. इकडे येऊन हे दिवस.

आम्ही दोन मुळे वाहिले. देवापुढचे मुळे पुढे प्रसाद म्हणून वाटतात, त्यातला एक आमच्या पदरात पडला. आता प्रसाद टाकायचा नाही, आणि टाकायला कचरापेटीही नाही. तो मुळा घेऊन आम्ही दिवसभर टोकियो पाहिलं. शिबुयाच्या त्या प्रसिद्ध चौकात, जिथे सिग्नल पडला की चारी बाजूंनी माणसं एकदम रस्त्यावर उतरतात, हे मुळा उंच धरून पुढे चालले आणि मी त्या मुळ्यावर नजर ठेवून मागून गेले. चुकामूक झाली नाही. बाप्पानं खातं खरंच सांभाळलं.

त्याच चौकाशी हाचिकोचा पुतळा आहे. मालक १९२५ साली वारला, तरी हा कुत्रा १९३५ पर्यंत, स्वतः मरेपर्यंत, रोज स्टेशनवर त्याची वाट पाहत बसला. पुतळ्याबरोबर फोटो काढायला रांग होती, आणि रांगेत कुणी घुसत नव्हतं.

"दहा वर्षं," मी म्हटलं. "आणि तुम्हांला साडीच्या दुकानाबाहेर दहा मिनिटं होत नाहीत."

"त्याला कुणी आत बोलवून दहा साड्या दाखवत नव्हतं."

संध्याकाळी खोलीत मुळा किसायला किसणी नव्हती. प्लॅस्टिकच्या सुरीनं तुकडे केले, दही आणलं, कोशिंबीर झाली. १३० चौरस फुटांत मुळ्याचा वास कुठे जाणार? हे खिडकी उघडायला गेले. ती उघडत नाही.

फुजीबद्दल सांगायचं राहिलं. शिंजुकूतल्या सरकारी इमारतीच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावर २०२ मीटरवरून शहर पाहता येतं, तेही फुकट, त्यामुळे तक्त्यात ते दोनदा होतं. हिवाळ्यातली स्वच्छ सकाळ असली तर ३,७७६ मीटरचा फुजी दिसतो. असली तर! ह्यांनी ढगांवर बोलायची तयारी केली होती. फुजी ०९.४० ला ठरल्याप्रमाणे हजर होता, वर बर्फ, खाली निळा, एक ढग नाही. "आहे," ह्यांनी रडवेल्या आवाजात सांगितलं आणि तक्त्यात खूण केली.

ह्यांची तब्येत मग मला खरोखरच बरी वाटेना. जेवण कमी, बोलणं कमी. म्हणून मी त्यांना अमेयोकोला नेलं. उएनो स्टेशनाजवळ रेल्वेच्या पुलाखाली युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून वाढलेली ही बाजारपेठ. गल्लीच्या तोंडाशी पोहोचतो न पोहोचतो तोच आतून ओरडा ऐकू आला. मासेवाले ओरडत होते, चपलावाले ओरडत होते, खेकडे वर धरून भाव पुकारत होते. ह्यांनी स्वेटर सारखा केला. "मंडई," ते पुटपुटले, आणि त्यांच्या गालांवर रंग चढला.

एका फळीवर उभा राहून घसा बसलेला माणूस चॉकलेटं विकत होता. पिशवीत तो एक खोका टाकत होता, दुसरा टाकत होता, "हजार येन!" म्हणत होता. हे समोर जाऊन उभे राहिले. कमरेवर हात. एका श्वासात जपानी वाक्य फेकलं: "हे जास्त आहे!"

माणूस हसला आणि पिशवीत तिसरा खोका टाकला. ह्यांनी तोंड उघडलं. चौथा. ह्यांनी "नाही, नाही," म्हणायला हात वर केला. त्यानं पाचवा, सहावा, आणि वरून गोळ्यांचं एक पाकीट. लोक टाळ्या वाजवू लागले. मीही वाजवल्या. हे हतबल होऊन उभे. एक पैसा कमी करायची मागणी करण्याआधीच समोरचा सगळं देऊन मोकळा होतो, त्याच्याशी घासाघीस करायची कशी? हजार येन देऊन आम्ही पिशवी उचलली. ती माझ्या हातात आली, कारण ह्यांच्या हातांत बळ उरलं नव्हतं.

"एवढी चॉकलेटं? तुमची शुगर काठावर आहे."

"तूच आणलंस ना मला इथे?"

अशा अवस्थेत, जायच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही एका स्टेशनावर उभे होतो. पाटीवर ५.५२ होते. ५.५२ झाले. गाडी नाही. ह्यांनी घड्याळ पाहिलं. ५.५३. ह्यांनी माझा दंड धरला. कर्ण्यावरून जपानीत घोषणा झाली, तिच्यात ते ओळखीचं "सुमिमासेन" नव्हतं, त्याहून मोठी, लांबलचक माफी होती.

"अगं," ह्यांचा आवाज कापत होता, "लेट!"

"लेट?"

"लेट! चक्क लेट! बघ, पाटी बघ!"

आजूबाजूची माणसं निमूट ओळीत उभी. आम्ही दोघं मात्र फलाटावर हात हातात घेऊन उभे. कितीतरी दिवसांनी आमचं एका बाबतीत एकमत झालं होतं. "एवढा टॅक्स घेतात," हे म्हणाले. "मग काय तर," मी म्हटलं. "नुसतं नाव मोठं." "लोक उगीच डोक्यावर घेतात." "आपली लोकल काय वाईट आहे?" "काहीच वाईट नाही." बऱ्याच दिवसांनी तोंडाला चव आली.

गाडी आली, आमच्या स्टेशनावर उतरलो, तर गेटवर एक कर्मचारी वाकून प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी देत होता. तिकडे गाडीला उशीर झाला की रेल्वे तसा दाखला देते. नोकरदार तो साहेबाला दाखवतात, मुलं शाळेत. पातळ कागदाची बोटभर पट्टी, कडेनं तारखा, आत मिनिटांचे आकडे, आणि जो आकडा लागू त्यावर भोक. ह्यांनी दोन घेतल्या. एक लॅमिनेट करून बँकेतल्या मित्रांना दाखवायला. दुसरी मी काढून घेतली.

"तुला कशाला?"

"असू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडायची होती. ०८.१० खोलीबाहेर. बॅगा बंद होत नव्हत्या, चॉकलेटं बसत नव्हती. खोलीबाहेर आले तेव्हा हे लिफ्टचं दार पायानं अडवून उभे होते, हातात तक्ता, पेन शेऱ्याच्या रकान्यावर टेकवलेलं.

"साडेआठ."

मी पर्स उघडली. भाताचे कागद बाजूला केले, चॉकलेटची चांदी बाजूला केली, आणि ती पट्टी दोन्ही हातांनी, थोडंसं वाकून, त्यांच्यापुढे धरली. ह्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पट्टी उजेडात धरली, भोकातून पलीकडे पाहिलं.

"यात दहा मिनिटांवर भोक आहे," ते म्हणाले. "तुला वीस झालीत. उरलेल्या दहाचं काय?"